जुन्या डीआय बॉक्सची नवी घडण : प्रस्तावना

इलेक्ट्रिक गिटार किंवा बास गिटार रेकॉर्ड करायची तर दोन वाटा आहेत. ॲम्प्लिफायर वाजवायचा आणि त्याच्या स्पीकरसमोर माइक ठेवायचा, ही एक. वाद्याची वायर थेट मिक्सरकडे न्यायची, ही दुसरी. या दुसऱ्या वाटेवर मध्ये एक छोटी लोखंडी पेटी लागते, ती म्हणजे डीआय बॉक्स. एका अंगाला वाद्याच्या वायरसाठी पी-३८चा सॉकेट, दुसऱ्या अंगाला मिक्सरकडे जाणाऱ्या वायरसाठी कॅनन, आत एक ट्रान्सफॉर्मर, एखाददुसरा रेझिस्टर आणि अर्थ तोडण्याचा खटका, एवढाच तिचा संसार. साठ वर्षांपूर्वी काही स्टुडिओंतल्या तंत्रज्ञांनी अशा पेट्या हाताने बांधल्या. त्यांतून गेलेला बास जगभर ऐकला गेला. आज ठिकठिकाणचे लोक त्याच पेट्या पुन्हा बांधू पाहत आहेत. त्या उद्योगाची मराठी वाचकाला ओळख करून द्यावी, यासाठी हे पुस्तक आहे.

हे पुस्तक जिथे लिहिले, ते तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातले मंडळाचे गाव. इथे मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा कानावर पडतात. शेजारचा किनवट तालुका १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. नकाशावर राज्यांमधली रेघ ओढली गेली, पण भजने, सोयरिकी आणि बाजारहाट रेघेच्या दोन्ही बाजूंनी चालू राहिले. या पट्ट्यात साउंड सर्व्हिस चालवणाऱ्या माणसापुढे एका हंगामात हार्मोनियम येते, लग्नाचा कीबोर्ड येतो, गणपतीतला पिकअप लावलेला बँजो येतो, कधी परधानांची किंगरीसुद्धा येते. प्रत्येक वाद्याची वायर त्याला मिक्सरमध्ये खुपसायची असते आणि प्रत्येक वेळी तोच अनुभव येतो : एकाचा आवाज पातळ, दुसऱ्याचा बोदा, तिसऱ्यात घूंऽ असा सततचा हम. या तिन्ही तक्रारींची उत्तरे त्या लोखंडी पेटीत आहेत. म्हणून हा विषय फक्त डेट्रॉइट-लंडनच्या स्टुडिओंचा आहे असे आम्ही मानत नाही.

थोडे भौतिकशास्त्र आधी पाहू, कारण त्याशिवाय पुढचा इतिहास नुसत्या दंतकथांसारखा वाटेल. वाद्याच्या तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती अत्यंत बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. गिटारच्या पिकअपला सर्रास वापरली जाणारी तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते. वाद्याची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत व्होल्टेज उपजते. हे व्होल्टेज बऱ्यापैकी असते, पण पुढच्या यंत्राने त्यातून करंट ओढायला सुरुवात केली की ते खचते. शिवाय एवढ्या वेढ्यांचा इंडक्टन्स काही हेन्री भरतो, आणि वाद्याच्या वायरला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पिकअपचा स्वतःचा कपॅसिटन्स क्षणभर बाजूला ठेवून गणित करा. ३ हेन्रीचा पिकअप आणि ५ मीटर वायर असेल, तर त्यांचा रेझोनन्स ४.१ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. वायर १५ मीटर केली की तोच २.४ किलोहर्ट्झवर उतरतो. गिटारच्या आवाजातला कडकपणा आणि चकाकी याच पट्ट्यात असते. म्हणजे मंडपात वादक एका टोकाला आणि मिक्सर दुसऱ्या टोकाला असला, की कोणी एकही नॉब न फिरवता वाद्याचा आवाज बदललेला असतो.

आता पुढची बाजू. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इंपीडन्स १० किलोओहमच्या घरात असतो, त्यामुळे पिकअपचा जीव तिथे दबतो. जुन्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर हा प्रश्न फार सुबकपणे सोडवतो. समजा त्याचे प्रमाण १२ला १ आहे. व्होल्टेज बारा पटींनी उतरते, पण इंपीडन्स बाराच्या वर्गाने, म्हणजे १४४ पटींनी बदलतो. पुढे माइकच्या प्रीॲम्पचा १.५ किलोओहमचा इनपुट असेल, तर पिकअपला तो २१६ किलोओहमचा भासतो. व्होल्टेजमध्ये गमावलेले २१-२२ डेसिबल प्रीॲम्प भरून काढतो. कॅननमधून निघालेली लाइन बॅलन्स्ड असल्याने ती पन्नास मीटर नेली तरी बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि पुढे वजा होतो. दोन वाइंडिंगांमध्ये तारेचा संबंधच नसल्याने अर्थ लूपचा हमही तुटतो.

वरच्या गणितात एक गोष्ट लपलेली आहे आणि या संपूर्ण पुस्तकाचे म्हणणे तिच्यावर उभे आहे. ते २१६ किलोओहम पेटीत कुठेही नाहीत. पुढचा प्रीॲम्प ३ किलोओहमचा लावा, ते ४३२ होतील. पिकअप बदला, रेझोनन्सचे शिखर सरकेल. वायर बदला, पुन्हा सरकेल. जुन्या पेटीचा म्हणून जो आवाज नावाजला जातो, तो पिकअप, वायर, ट्रान्सफॉर्मर आणि प्रीॲम्प या चौघांच्या परस्परसंबंधातून येतो. पेटी पुन्हा घडवायची तर हा संबंध पुन्हा घडवावा लागतो. पेटीतले सुटे भाग हुबेहूब जमवले आणि हा संबंध हुकला, तर हाती जुनी दिसणारी नवी पेटी येते.

इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले की तो वेगळाच दिसू लागतो. नॅशव्हिलच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत गायक मार्टी रॉबिन्सचे ‘डोंट वरी’ हे गाणे रेकॉर्ड होत होते. ते १९६१मध्ये बाजारात आले. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि तो थेट कन्सोलमध्ये घेतला होता. त्या चॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बासचा आवाज फाटून भुंग्यासारखा गुणगुणू लागला. तो तुकडा गाण्यात तसाच ठेवला गेला. गाणे गाजले. पुढे लोक तोच आवाज मागायला आले, पण तोवर ट्रान्सफॉर्मर पुरता गेला होता. तेव्हा रेकॉर्डिस्ट ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड पुन्हा घडवला, आणि १९६२मध्ये गिब्सनने माएस्ट्रो फझ-टोन या नावाने तो बाजारात आणला. थेट जोडणीच्या इतिहासातली पुनर्घडणीची ही अगदी सुरुवातीची गोष्ट, आणि ती बिघाडाच्या पुनर्घडणीची आहे. बिघडलेला ट्रान्सफॉर्मर परत आणणे शक्यच नव्हते. स्नॉडींनी त्याचे वागणे समजून घेतले आणि वेगळ्याच सामानातून ते उभे केले. आमच्या दृष्टीने पुनर्घडणीच्या या शाखेचा पाया तिथे आहे.

डेट्रॉइटची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. बेरी गॉर्डी यांनी १९५९मध्ये सुरू केलेल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका राहत्या घरात होता. खोली लहान, वादक पुष्कळ. प्रत्येकाने आपापला ॲम्प्लिफायर लावला असता तर सगळ्यांचे आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरले असते. मुख्य तंत्रज्ञ माइक मॅक्लीन यांनी गिटार आणि बास थेट घेण्याची सोय केली, आणि वादकांना आपला आवाज एका सामाईक स्पीकरमधून ऐकू येऊ लागला. त्याच काळात तिथे काम केलेल्या एड वूल्फ्रम यांनी ट्रायड कंपनीचा ए-११जे हा ट्रान्सफॉर्मर वापरून एक साधी पेटी बांधली. तिला वूल्फबॉक्स म्हणतात आणि आज तिच्या नकला होतात. मोटाउनचे बासवादक जेम्स जेमरसन यांचा बास अशाच थेट जोडणीतून टेपवर गेला.

जेमरसन यांचे नाव निघाले की पेटीची महती सांगितली जाते. ती सांगताना त्यांचे वाद्य विसरले जाते. १९६२चा फेंडर प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, चपट्या गुंडाळीच्या तारा, त्या तारा वर्षानुवर्षे न बदलण्याची त्यांची सवय, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवण्याची पद्धत. जुन्या चपट्या तारांमध्ये वरचे स्वरांश मुळातच कमी असतात. त्यामुळे पेटीने ३-४ किलोहर्ट्झला काय केले, याचा फरक त्या वाद्यावर फार पडत नाही. खालच्या स्वरांवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा कसा वागतो, याचा मात्र पडतो. नव्याकोऱ्या गोल गुंडाळीच्या तारा लावून, नखाने वाजवून, वूल्फबॉक्सच्या नकलेतून मोटाउन निघत नाही अशी तक्रार करणाऱ्याला दोष त्या पेटीत सापडणार नाही.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे ॲबी रोडला, केन टाउनसेंड यांनी असाच ट्रान्सफॉर्मर बांधला आणि १९६७च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात पॉल मॅकार्टनी यांचा बास त्यातून घेतला गेला. पुढच्याच वर्षी ‘रेव्होल्यूशन’ या गाण्यासाठी त्याच इमारतीत गिटारी थेट कन्सोलच्या व्हॉल्व्ह प्रीॲम्पमध्ये घालून, एकापुढे एक दोन प्रीॲम्प लावून, मुद्दाम फाडल्या गेल्या. एकाच छताखाली दीड वर्षात थेट जोडणीतून बासची स्वच्छता साधली आणि गिटारची आगही. इथे कळते की थेट घेतलेला आवाज कोरडा आणि निर्जीव असतो, ही समजूत किती उथळ आहे.

आपल्याकडच्या मुंबईत परिस्थिती आणखी निराळी होती. सिनेमाची गाणी दीर्घकाळ अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्र बसवून, एका दमात रेकॉर्ड केली जात. गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या ॲरेंजरांनी त्या वाद्यवृंदाची घडी बसवली. १९७०च्या दशकात राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत गिटार आणि बास गिटार पुढे आली. भूपिंदर सिंग यांची ‘दम मारो दम’मधली गिटार आणि टोनी वाझ यांचा बास आपल्या कानात मुरलेले आहेत. एका दमात रेकॉर्डिंग करताना बास व्हायोलिनच्या माइकमध्ये सांडू न देणे हे रेकॉर्डिस्टचे कसबच असते. ग्रेगरी बूथ यांनी २००८च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात मुंबईच्या स्टुडिओ-वादकांच्या मुलाखती एकत्र केल्या. वादकांसाठी जे काम त्यांनी केले, तेच रेकॉर्डिस्ट, मेंटेनन्सवाले आणि वाइंडिंगवाले यांच्यासाठी व्हायला हवे. या माणसांच्या आठवणी हे या शाखेचे मौल्यवान कागदपत्र आहेत, आणि ती माणसे आता वयस्कर झाली आहेत.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळतो, कारण निम्म्याहून अधिक पुस्तक तिनेच व्यापले आहे. पेटीतला खरा अवघड भाग एकच, तो ट्रान्सफॉर्मर. गाभ्यासाठी दोन प्रकारचे धातू मुख्यतः वापरले जातात. सिलिकॉन स्टील स्वस्त, दणकट आणि भरपूर चुंबकीय भार सोसणारे. निकेलबहुल मिश्रधातू अगदी क्षीण सिग्नललाही तत्परतेने प्रतिसाद देतात, पण ते साधारण ०.८ टेस्लाला भरून जातात. सिलिकॉन स्टीलची मजल याच्या दुपटीहून अधिक असते. गाभ्यातला भार व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो आणि फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून ट्रान्सफॉर्मरची खरी परीक्षा बासच्या सर्वांत जाड तारेवर होते. चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा स्वर ४१.२ हर्ट्झचा. जुन्या पेट्या त्याच्यासाठी होत्या. पाच तारांचा बास ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला गाभ्यावरचा भार एक तृतीयांशाने वाढतो. जुन्या मापाची तंतोतंत नक्कल केली तर नव्या वाद्यावर ती आधी गुदमरते. काहींना तेच हवे असते, आणि त्यात चूक काही नाही. फक्त ते ठरवून झाले पाहिजे.

निकेलच्या गाभ्याबद्दल एक गोष्ट जवळून दाखवायला हवी, कारण नवखा माणूस नेमका इथे घात करून घेतो. जुना ट्रान्सफॉर्मर हाती आला की पहिला मोह होतो तो मल्टिमीटर ओहमवर लावून वाइंडिंग शाबूत आहे का पाहण्याचा. ओहम मोजताना मल्टिमीटर वाइंडिंगमधून डीसी करंट सोडतो. त्याने गाभ्यात चुंबकत्व साचून राहते, आणि मग तोच ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांवर आधीपेक्षा लवकर फाटतो. तपासायचे तर क्षीण एसी सिग्नल सोडून तपासावे. मीटर लावलाच असेल तर वाढवत नेऊन हळूहळू शून्यावर आणलेल्या एसीने गाभा पुन्हा निवळून घ्यावा. निकेलचा गाभा किंवा त्याचे आवरण उंचावरून पडले तरी त्याचा गुण उतरतो. म्हणून हातात आलेल्या जुन्या नमुन्याचे मोजमाप म्हणजे तो नवा असतानाचेच मोजमाप, असे गृहीत धरता येत नाही.

वाइंडिंगच्या बाबतीत या भागाकडे एक बळ आहे, त्याची इथल्या लोकांना पुरेशी जाणीव नाही असे आम्हाला वाटते. कापसाच्या या पट्ट्यात विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी सतत जळतात, म्हणून मोटार रिवाइंडिंगचे कसब गावोगाव आहे. तारेचा ताण सारखा ठेवणे, थर बसवणे, थरांमध्ये कागद घालणे, वेढे न चुकता मोजणे, वार्निश पाजून भाजणे, हे सगळे ज्याच्या हातात आहे त्याला ऑडिओ ट्रान्सफॉर्मर परका नाही. तार पुष्कळ बारीक असते आणि एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. प्रायमरी आणि सेकंडरी एकावर एक सलग न भरता त्यांचे भाग आळीपाळीने भरायचे असतात. त्याने दोन वाइंडिंगांमधली चुंबकीय गळती कमी होते, पण त्यांच्यामधला कपॅसिटन्स वाढतो. दोन्हींचा तोल साधण्यात आणि मध्ये तांब्याचा पडदा योग्य तऱ्हेने घालण्यात जुन्या कारखान्यांचे सारे मर्म होते.

एक इशारा मात्र अगदी स्पष्ट द्यायचा आहे. पेटीवरचा अर्थचा खटका फक्त सिग्नलच्या वायरची जाळी तोडतो. हम घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या किंवा मिक्सरच्या थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकण्याची जी सवय गावागावांत पडली आहे, ती जीवघेणी आहे. ओल्या मंडपात, लोखंडी तारांच्या वाद्याला हात असताना, धातूचा माइक ओठांशी असताना ती पिन म्हणजेच वादकाचा बचाव असतो. हमसाठी डीआय बॉक्स वापरा, पिनेला हात लावू नका.

या क्षेत्रात मतभेद पुष्कळ आहेत. काही जणांचा जीव त्याच सालच्या, त्याच कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये अडकलेला असतो. काही जण आलेख जुळला की समाधानी होतात. काहींना कॉम्प्युटरमधली नक्कल पुरते. आम्ही मोजमापाच्या बाजूने झुकतो, पण मोजमाप कशाचे, याबद्दल आग्रही आहोत. पेट्यांची तुलना करण्याची सर्वांत सोयीची रीत अशी : बासचा एक तुकडा रेकॉर्ड करून ठेवायचा, तोच लॅपटॉपवरून प्रत्येक पेटीत सोडायचा आणि काय बाहेर येते ते पाहायचे. वादन प्रत्येक वेळी तेच राहते, म्हणून ही रीत शास्त्रशुद्ध वाटते. तिच्यात एक मोठी खोट आहे. लॅपटॉपच्या आउटपुटला पिकअपसारखा इंडक्टन्स नसतो, त्याच्या वायरने काही हलत नाही, लोडने काही दबत नाही. ज्या संबंधाची परीक्षा घ्यायची, तोच प्रयोगातून वगळला जातो, आणि मग सगळ्या पेट्या सारख्याच निघाल्या असा निष्कर्ष निघतो. त्यामुळे आमच्या प्रयोगांत लॅपटॉप आणि पेटी यांच्यामध्ये एक खरा पिकअप जोडलेला आहे. ऐकण्याच्या चाचण्यांत आवाजाची पातळी काटेकोर जुळवली आहे, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो.

गिटारपुरताच हा विषय ठेवला असता तर पुस्तक आटोपशीर झाले असते. पण एकतारीला, किंगरीला किंवा हार्मोनियमच्या पेटीला चिकटवलेल्या पिझो चकतीचा प्रश्न टाळणे आम्हाला पटले नाही. या चकतीचा स्वभाव पिकअपच्या उलट असतो, ती कपॅसिटरसारखी वागते. २० नॅनोफॅरडची मोठी चकती १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली, तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज ओसरू लागतो. किंगरीचा सगळा जिव्हाळा त्याच्या खाली असतो. तीच चकती जुन्या पद्धतीच्या, २०० किलोओहमच्या पेटीला लावली की ही सीमा ४० हर्ट्झवर जाते आणि वाद्य भरून पावते. पण १ नॅनोफॅरडचा लहान पिझो त्याच पेटीला लावा, सीमा पुन्हा ८००वर येते. तिथे जुनी पेटी कामाची नाही, ट्रान्झिस्टरचा, मेगाओहमांत इनपुट असलेला बॉक्सच हवा. जपानच्या नागोयात १९१२मध्ये जन्मलेल्या तैशोगोतो या वाद्यापासून आलेला आपला बँजो मात्र चुंबकी पिकअपवर चालतो, आणि जुन्या पेटीशी त्याचे छान जमते. त्याच्यावर एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

वाचकाने प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. वाइंडिंगचा हात असलेल्याने सरळ गाभ्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, वादकाने तारा आणि वायरी यांच्यापासून. गणिताची सवय सुटली असेल तर सूत्रे सोडून आकडे वाचले तरी चालतील, ते सगळे हाताने करून पाहता येतील इतके सोपे ठेवले आहेत. आणि वाचता वाचता घरची, मंडळाची किंवा साउंड सर्व्हिसमधली एखादी पेटी मोजलीत, तर आकड्यांशेजारी वाद्य आणि त्याच्या तारा, वायरची लांबी आणि पुढच्या मिक्सरचा इनपुट इंपीडन्स हेही लिहून ठेवा. ते नसेल तर दुसऱ्या कोणाला तुमच्या आकड्यांवरून ती पेटी पुन्हा बांधता येणार नाही.

तलमडुगु, जि. आदिलाबाद